चिकटलेली पानं

आमच्या वस्तीत डिग्री पहिल्यांदा मी आणली. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. कशाला सांगू? बापाची हयात दुसऱ्याच्या वावरात गेली, आईचीही तिथंच गेली, आणि त्यांच्या पोरीनं आदिलाबादच्या कॉलेजातून कागद आणला. आज मी पंचायतीत वॉर्ड मेंबर आहे. कोणाचं काही अडलं की लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. बाहेरचं कोणी आलं की विचारतं, मॅडम, हे पुढारपण कुठून आलं? मी सांगते, वाचनातून. ते माना डोलावतात.

त्यांनी माना डोलावल्या की माझ्या पाठीवरून काहीतरी थंड सरकतं. माना डोलावणं काय असतं, ते मी आमच्या विहारात पाहिलेलं आहे.

आमचं गाव तेलंगणात, बेल्याच्या अंगाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू. वस्ती आमची गावाच्या उतारावर, आणि वस्तीच्याही खाली, नाल्याच्या काठी, आमची मसणवट. वस्ती आणि मसणवट यांच्यात एक बोरीचं झाड, बाकी काही नाही. लहानपणी आम्ही त्याची बोरं वेचून खायचो. मेलेल्यांचं भय आम्हाला कोणी शिकवलंच नाही. ते शेजारी होते.

वस्तीत वाचणारा एकच माणूस होता, माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. तरणेपणी ते आदिलाबादला जिनिंगमध्ये हमाली करत. कापसाचं बारीक तूस उडतं ना, ते छातीत बसलं आणि दमा घेऊन ते गावी परतले. अक्षरं त्यांनी तिथंच कोणाकडून तरी उचलली होती. मग जे हाती लागेल ते वाचायचे: किराण्याच्या पुडीचा कागद, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची सूचना, भिंतीवर रंगवलेली जाहिरात. आणि त्यांचा एक नियम होता. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कोणी नोटीस घेऊन आला, "मोठेबाबा, आता काय होईन वो?" म्हणून रडायला लागला, तरी हे वाचतच राहायचे. शेवटची ओळ झाली की चष्मा काढायचे आणि मग बोलायचे. तोवर समोरचा निम्मा शांत झालेला असायचा. ते कुठल्या पक्षात नव्हते, निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण वस्तीत भांडण झालं की लोक पोलिसांच्या आधी त्यांच्याकडे जायचे. पुढारी कसा असतो ते मी आधी त्यांच्यात पाहिलं.

पावसाळ्यात आमच्याकडे वर्षावास असतो. रोज दिवेलागणीला विहारात वंदना, ग्रंथवाचन, आणि ते झालं की मोठेबाबा एक जाडं पुस्तक काढायचे. गोष्टींचं. त्याची पुढची-मागची पानं गेलेली, त्यामुळे नाव काय, लिहिलं कोणी, ठाऊक नाही. वस्ती त्याला 'जाडं' म्हणायची. "आज जाडं किती झालं?" असं बाया एकमेकींना विचारायच्या. दर पावसाळ्यात तेच पुस्तक, पहिल्या गोष्टीपासून. दुसरं पुस्तक कोणी मागितलं नाही. मोठेबाबांचा श्वास पुरायचा नाही, म्हणून ते वाक्याच्या मधेच थांबायचे. थांबायचे, छाती वाजायची, पुढं वाचायचे. समोरचे लोक त्या चालीवर माना डोलवायचे. आमच्याकडे वाचणाऱ्यापुढं मान डोलावणं हा रिवाज आहे. कळलं म्हणून नाही, मान म्हणून. कीर्तनात टाळी देतात तसं समजा.

मी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा उन्हाळ्यात मोठेबाबा गेले. त्यांना नाल्याकाठी अग्नी दिला आणि त्या जागी पिंपळाचं रोप लावलं. बकऱ्यांनी ते खाल्लं. मोठमायनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दुसरं लावलं आणि भोवती काटे रोवले.

परीक्षा संपवून मी गावी आले तेव्हा पावसाळा लागला होता. बसमधून उतरले, घरी आले तर घराला कडी. शेजारच्या घराला कडी. त्याच्या शेजारच्याही. संध्याकाळ होत आलेली, चुली थंड, आणि आख्ख्या वस्तीत माणूस नाही. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. मी बॅग ओट्यावर ठेवली आणि विहाराकडे गेले.

सगळे तिथं होते. लाइट गेलेली होती, मूर्तीपुढं मेणबत्त्या. सगळे मांडी घालून बसलेले, तोंडं चौरंगाकडं. चौरंगावर जाडं पुस्तक, त्यावर पांढरं फडकं, फडक्यावर मोठेबाबांचा चष्मा. चौरंगामागची बैठक रिकामी. कोणी बोलत नव्हतं.

मला वाटलं, आठवणीसाठी मौन पाळून राह्यले असतील. मीही दाराशी बसले.

आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या.

मी इकडंतिकडं पाहिलं. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा डोलल्या, एकदम, वाऱ्यानं ज्वारी हलावी तशा. मग थांबल्या. ते थांबणं मला ओळखीचं वाटलं. मोठेबाबांचा श्वास जिथं संपायचा, तेवढंच ते थांबणं होतं. मग बाया हसल्या. हळूच, पदराआड, सगळ्या एकाच वेळी. कशाला हसल्या? एक शब्द कोणी उच्चारला नव्हता.

मी सरकत आईजवळ गेले. "आई, काय चालू हाये हे?"

"गप. वाचन चालू हाये."

"कोण वाचून राह्यलं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. शाळेत न गेलेल्या पोराकडं मास्तर पाहतो तसं. "आयक," म्हणाली.

मी ऐकलं. बाहेर बेडकं, पत्र्यावरून निथळणारं पाणी. आणि त्याच्या आत, खोटं कशाला सांगू, हळूहळू मलाही ते ऐकू यायला लागलं. म्हातारीची आणि कोल्ह्याची गोष्ट. तिथं ती कोल्ह्याला चुलीवरचं आधण दाखवते. मी बाकीच्यांबरोबर हसले. हसल्यावर तोंडावर हात ठेवला.

वाचन संपलं तसे लोक उठले. मोठमायनं चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "उद्या पुढचं," ती म्हणाली आणि लोक चपला शोधायला लागले. बाहेर आल्यावर त्यांचं नेहमीचं बोलणं सुरू झालं, भेंडीचा भाव, कोणाची म्हैस. जसं काही झालंच नाही.

मी शिकलेली आहे. मला कारण सापडतं. इतकी वर्षं तेच ऐकून वस्तीला पुस्तक पाठ झालं होतं, चालीसकट, दम्यासकट. एवढंच. पण कारण सापडलं म्हणून भीती जातेच असं नाही. त्या रिकाम्या बैठकीकडं मी आठवडाभर पाहू शकले नाही.

शेवटी मोठमायच म्हणाली, "पोरी, तू यवढी शिकलीस. वाच ना आता. काऊन बसून राह्यते नुसती?"

मी बैठकीवर बसले. फडकं काढलं. वाचायला लागले. कॉलेजात मी पेपर वाचायचे तसं भरभर वाचलं. माना डोलत होत्या, पण माझ्या वाचण्यावर नाही. मी पुढं निघून गेले तरी त्या मागच्याच ओळीवर डोलत होत्या. मी मुद्दाम थांबले, त्या चालूच राहिल्या. एकदा मी हसण्याची ओळ गाळली. मी ती वाचलीच नव्हती, तरी बाया तिथं हसल्या. मेणबत्तीच्या उजेडात ते सगळे चेहरे माझ्याकडं होते आणि एकही माझं ऐकत नव्हता. माझ्या मागं कोणी उभं आहे आणि लोक त्याच्याकडं पाहतायत, असं वाटून मी मान वळवली. भिंत होती.

त्या पुस्तकात नावेची एक गोष्ट आहे. एका गावचे लोक संध्याकाळी नदीवर जातात. घाटाला नाव लागलेली असते. सगळे नावेत बसतात. नाव मधल्या धारेला जाते. पान उलटलं की: मग सगळे घरी आले आणि त्यांनी दिवे लावले. संपली गोष्ट. लहानपणापासून आम्ही ही ऐकली. परत कसे आले? ते कोणी विचारलं नाही. नावेत बसलेलं माणूस घरी येतंच, असं आमच्या वस्तीला वाटायचं.

ही गोष्ट आली त्या दिवशी पान उलटताना ते जाड लागलं. मी बोटांत धरून पाहिलं, मेणबत्तीपुढं धरलं. आतून अक्षरांच्या सावल्या दिसल्या, उलट्यासुलट्या, एकावर एक. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. कधीतरी त्यांच्यावर मेण सांडलं असणार, आणि मोठेबाबांनी वाचायला घेतलं त्याच्या आधीच.

घरी येऊन आईनं तांब्यात विस्तव घातला. कपड्यांना इस्त्री करतो तशी मी कागद ठेवून पानावरून तांब्या फिरवला. मेण सुटलं. पानं अलग झाली तेव्हा बारीक आवाज झाला, कोणी ओठ उघडावेत तसा. आई म्हणाली, "राहू दे वं. नको वाचू थे." का, ते तिला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं. नाव मधल्या धारेला जाते. नावाडी वल्ही थांबवतो आणि लोकांना विचारतो, तुम्हाला कोणी बोलावलं? लोक एकमेकांकडं पाहतात. याला वाटतं त्याला बोलावणं आलं असेल, त्याला वाटतं याला. नावाड्याला तोंड दिसत नाही, टोपीखाली नुसता अंधार. शेवटी एक म्हातारी म्हणते, मला तर कोणी बोलावलं नाही. मग दुसरा म्हणतो, मलाही नाही. मग सगळे. तेव्हा नावाडी काही न बोलता नाव वळवतो.

मी वर पाहिलं. एकही मान हलत नव्हती. पावसाळाभरात पहिल्यांदाच ते सगळे डोळे खरोखर माझ्यावर होते.

"हे नाई त्याच्यात," मोठमाय म्हणाली.

"हाये, मोठमाय. हे पाहा."

तिला वाचता येत नाही. तिनं पानावरून हात फिरवला, मेणाचा ओशट डाग चाचपला. "त्याहीनं कदी वाचलं नाई हे."

"त्याहिले दिसलं नाई. चिकटेल होतं."

मागं बसलेले आमचे शेजारचे काका भाजीवाले, त्यांना सगळ्यात थट्टा सुचते. ते म्हणाले, "पुस्तकाले पिल्लू झालं काय वं? काल नव्हतं, आज हाये!" पण त्यांचा आवाज बसलेला होता आणि कोणी हसलं नाही. एक बाई उठून निघून गेली. दुसरी म्हणाली, "मंग त्याहिले नावीत बसाले सांगतलं तरी कोनं?"

"पुस्तकात नाही दिलेलं."

"असं कसं? कोनंतरी सांगतलं असन ना."

"कोनंच नाई," काका म्हणाले. "एक बसला म्हून दुसरा बसला. आपन नाई बसत का?"

त्यावर जे बोलणं लागलं ते मेणबत्त्या विझेपर्यंत. आमच्या विहारात वाचनानंतर प्रश्न विचारला गेला तो पहिल्यांदा. मला तर बोलायलाही जागा मिळाली नाही. मी त्या दिवशी शिकले की वाचणाऱ्यानं लोकांना झोपवणंही शक्य आहे आणि जागं करणंही, आणि दोन्हीला पुस्तक तेच लागतं.

हे सगळं गोष्टीतच राहिलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण त्याच पावसाळ्यात ग्रामसभा झाली.

पंचायतीनं गावाच्या पलीकडं, रस्त्याला लागून, नवी स्मशानशेड बांधली होती. चांगली, पत्र्याची, नळ असलेली. आणि आमची नाल्याकाठची जागा आता कामाची नाही म्हणून तिथं सोयाबीन-कापूस वाळवायला सिमेंटचं अंगण करायचं असा ठराव आणला होता. कोणी दुष्ट नव्हतं यात. वाळवायला जागा गावाला हवीच होती. पण त्या सिमेंटखाली मोठेबाबांचा पिंपळ जाणार होता, माझा जन्मून आठवडाभरही न जगलेला भाऊ जाणार होता, आमचा सगळा शेजार जाणार होता. आणि हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठराव तेलुगूत होता.

पंचायतीच्या अंगणात कडुनिंबाखाली सभा होती. आमची वस्ती एका बाजूला सतरंजीवर. सेक्रेटरी बाहेरचे, तरुण, सभ्य माणूस. त्यांनी कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली.

आणि आमच्या वस्तीच्या माना डोलायला लागल्या.

भर दुपार होती, ऊन होतं, आणि मला घाम फुटला तो गार. वाचणारा समोर बसला की डोलायचं, एवढंच त्या मानांना माहीत. तेलुगू असो की काही असो. आणि चाल सेक्रेटरीची नव्हती. ते सलग वाचत होते. माना मधेच थांबत होत्या, श्वास संपावा तशा, आणि पुन्हा डोलत होत्या. मोठेबाबा आपल्याच राखेवर सिमेंट टाकायचा ठराव वाचून दाखवत होते आणि त्यांची माणसं त्यांना मान देत होती. मोठमाय सगळ्यात पुढं, डोळे मिटून, डोलत.

सेक्रेटरींनी वर पाहिलं. एवढ्या माना पाहून त्यांना बरं वाटलं. "सबकी मंजुरी है ना?" त्यांनी हिंदीत विचारलं. माना डोलल्या.

मला तेलुगू कळते. मला सगळं कळलं होतं. उठून उभी राहिले तर तोंडातून आवाज निघेना. डिग्री होती, आवाज नव्हता. मग मला मोठेबाबांचा नियम आठवला, शेवटपर्यंत वाचायचं. बोलता येत नसलं तर निदान वाचता तर येतं.

"सर," मी म्हटलं, "कागद द्या. मी वाचून दाखवते, मराठीत."

गावातला एक जण म्हणाला, "झालं ना वाचून. तू कायले पुन्हा?"

"मराठीत नाही झालं."

सेक्रेटरींनी कागद पुढं केला. "तीसुको, अम्मा," म्हणाले. घे, बाई.

मी वाचलं. एकेक ओळ तेलुगूतून मराठीत करत, सावकाश. मला दमा नाही, पण भीतीनं श्वास पुरत नव्हता, म्हणून मी मधे मधे थांबत होते. माझं मलाच ऐकू येत होतं की मी कुठं थांबतेय. त्यांच्याच जागांवर. माना पुन्हा डोलायला लागल्या आणि मला वाटलं, गेलं सगळं. मग ते वाक्य आलं: नाल्याकाठची जागा ग्रामस्थांच्या मागणीवरून देण्यात येत आहे. तिथं मी थांबले आणि पुढं वाचलं नाही. कागद खाली केला.

"नाल्याकाठची जागा, म्हणजे आपली मसणवट," मी म्हटलं. "ती द्यावी, असं मागितलं कोणी?"

माना थांबल्या. अर्ध्यात, तिरक्या, जशा होत्या तशा. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. याला वाटत होतं त्यानं मागितलं असेल. मी ते पाहणं ओळखलं. आम्ही सगळे मधल्या धारेला होतो.

मोठमायनं डोळे उघडले. गुडघ्यावर हात ठेवून उठली. "म्या त नाई मांगतलं बाप्पा," ती म्हणाली.

"म्या बी नाई," भाजीवाले काका म्हणाले.

मग मागून, मग बाजूनं. मग गावातलेही दोघं-तिघं, ज्यांचं तिथं कोणी पुरलेलं नाही. आवाज मोठे नव्हते. संध्याकाळी एकेका घरात दिवा लागावा तसे ते येत गेले. सेक्रेटरींनी पेन काढलं आणि ठरावावर आडवी रेघ मारली. सरपंच थोडे चिडले, मग त्यांनीच सांगितलं की अंगण तळ्याजवळच्या पंचायतीच्या जागेत होईल. ते झालं. आता आमचंही सोयाबीन तिथंच वाळतं.

पुढच्या निवडणुकीत वस्तीनं मला उभं केलं. लोक म्हणतात, डिग्रीचा प्रताप. डिग्रीचा अभिमान मला आहेच, पण त्या दिवशी मला उभं केलं ते दोन चिकटलेल्या पानांनी. एखाद्या मीटिंगला मी वाक्यात मधेच थांबते. मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, एका ऑफिसरनं विचारलं, मॅडम, दमा आहे का? नाही म्हटलं. मग का थांबता? मी सांगितलं नाही. मलाही नीट माहीत नाही.

पिंपळ आता माझ्यापेक्षा उंच आहे. विहारात दर पावसाळ्यात मीच वाचते, जाडंच, लोकांना तेच हवं असतं. गेल्या वर्षापर्यंत नावेच्या गोष्टीला सगळे जागे असायचे, भांडायचे, विचारायचे. या वर्षी मी वाचलं, तुम्हाला कोणी बोलावलं? आणि समोरच्या माना डोलल्या. सगळ्या एकदम, शांतपणे. गोष्टीतली म्हातारी म्हणाली, मला तर कोणी बोलावलं नाही, आणि माना डोलल्या. ती पानंही त्यांना पाठ झाली होती.

मी पुस्तक मिटलं. पिशवीतून दुसरं काढलं, आदिलाबादहून आणलेलं, मीही न वाचलेलं. ते उघडेपर्यंत आणि पहिली ओळ सापडेपर्यंत विहारात कोणीच वाचत नव्हतं, आणि माना तरीही डोलत होत्या. मग मी पहिली ओळ मोठ्यानं वाचली, आणि त्या थांबल्या.